रेशन उठवणारा मंत्री: रफी अहमद किडवाई

वडाळ्याला राहणाऱ्या माणसाला हे नाव रोज दिसतं. रस्त्याच्या पाटीवर, दुकानांच्या पत्त्यात, पोलीस ठाण्याच्या फलकावर. बोलताना मात्र त्याचं ‘आर. ए. के. रोड’ होतं आणि माणूस त्या तीन अक्षरांत गडप होतो. लहानपणी मला तो महंमद रफींचा रस्ता वाटायचा. पुढे कळलं की असं वाटणारा मी एकटाच नव्हतो.

हे रफी म्हणजे रफी अहमद किडवाई, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले आधी दळणवळणमंत्री आणि नंतर अन्नमंत्री. ‘स्वतंत्र भारतातले मुस्लिम मंत्री’ म्हटलं की आपल्याला मौलाना आझाद आठवतात आणि यादी तिथेच थांबते. किडवाईंच्या वाट्याला आलेली खाती मात्र अशी होती, की त्यांच्या निर्णयाचा परिणाम धर्म न विचारता प्रत्येक घरात पोचायचा: पत्र, टेलिफोन आणि पोळी. यातला पोळीचा भाग समजायला जरा अवघड आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू. पण आधी माणूस.

जमीनदाराच्या घरातला, कुळांच्या बाजूचा

किडवाईंचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा. गाव मसौली, जिल्हा बाराबंकी, लखनौपासून फार लांब नाही. घराणं जमीनदारांचं. शिक्षण अलीगढला. पदवीनंतर वकिलीचा अभ्यास सुरू केला, पण खिलाफत आणि असहकाराची लाट आली, तेव्हा तो सोडून तुरुंगात गेले. सुटल्यावर ते मोतीलाल नेहरूंचे खासगी सचिव झाले आणि १९२६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात निवडून आले. तिथे स्वराज पक्षाच्या सभासदांना मतदानाच्या वेळी गोळा करून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. कोण कुठे बसतो, कोणाची कशावर नाराजी आहे, कोणाला काय हवंय, हे ओळखायची सवय त्यांना तिथे लागली असावी. हा गुण पुढे आयुष्यभर त्यांच्या कामाला आला आणि त्यांच्यावरची टीकाही यातूनच आली.

१९३० मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि रायबरेलीत शेतकऱ्यांच्या सारा-खंडबंदीच्या, म्हणजे जमिनीचा सारा आणि खंड न भरण्याच्या, चळवळीत उतरले. १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ आलं, त्यात किडवाई महसूलमंत्री होते. कुळांना जमिनीवर वारसाहक्क देणारा १९३९ चा कुळकायदा याच काळातला. जमीनदाराच्या मुलानं जमीनदारांचे हात बांधणारं विधेयक पुढे रेटावं, हे त्या घरात कसं घेतलं गेलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

‘मुस्लिम नेता’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आज पटकन लक्षात येत नाही. त्या काळी मतदारसंघच वेगळे होते. मुस्लिम जागेवर उमेदवार मुस्लिम आणि मत देणारेही फक्त मुस्लिम. त्यामुळे काँग्रेसच्या मुस्लिम नेत्याची मोठी पंचाईत व्हायची. पक्षात त्याचा मान मोठा, पण त्याला निवडून आणणारे हिंदू मतदार त्याच्या यादीतच नसत. १९३७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त प्रांतातल्या मुस्लिम जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. प्रांतभर प्रचाराची सूत्रं हलवणारे किडवाई विधानसभेत आले ते नंतरच्या पोटनिवडणुकीतून. १९५२ ला पहिल्यांदा सगळ्यांनी एकाच यादीतून मतदान केलं. तेव्हा ते बहराइचमधून लोकसभेवर गेले.

मसुरी, ऑक्टोबर १९४७

१९४७ च्या ऑगस्टमध्ये किडवाई केंद्रात मंत्री झाले. दोन महिन्यांच्या आत मसुरीत त्यांचा भाऊ शफी अहमद किडवाई मारला गेला. शफी मसुरीच्या नगरपालिकेचा कारभार पाहत होते. गावात दंगल पेटली होती, तरी ते आपलं काम सोडून निघाले नाहीत आणि रस्त्यात त्यांचा खून झाला. ज्या सरकारात थोरला भाऊ मंत्री, त्याच सरकारच्या राज्यात, दिल्लीपासून एका रात्रीच्या प्रवासावर हे घडलं.

शफींची पत्नी अनीस किडवाई दिल्लीला गांधीजींकडे गेल्या. गांधीजींनी त्यांना निर्वासितांच्या छावण्यांत कामाला लावलं. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर, जिथे आज आपण तिकीट काढून फोटो काढायला जातो, तिथे तेव्हा घर सुटलेली मुस्लिम कुटुंबं तंबूत राहत होती. अनीसबाईंनी पुढे त्या दिवसांच्या आठवणी उर्दूत लिहिल्या आणि त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. रफीसाहेब पाकिस्तानात गेले नाहीत आणि मंत्रिपदही त्यांनी सोडलं नाही. टपालाचं खातं त्यांच्याकडे होतं, ते चालवत राहिले.

मध्यरात्रीचं नागपूर

टपालात त्यांनी केलेली सगळ्यात भन्नाट गोष्ट नागपूरला घडली.

तोवर विमानानं पत्र पाठवायचं तर जादा पैसे मोजावे लागत. शिवाय विमानं दिवसा उडत. दुपारी मुंबईत टाकलेलं पत्र संध्याकाळी छाटून तयार व्हायचं आणि रात्रभर पडून राहायचं. किडवाईंच्या खात्यानं विचार उलटा केला. पत्र माणसाच्या कामाच्या वेळेनंतर निघतं, तर विमानही तेव्हाच निघू दे. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची टपालविमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची. नकाशा समोर धरला तर नागपूरच का, हे सांगावं लागत नाही.

तिथे थैल्यांची अदलाबदल चालायची. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता, मद्रास असे शिक्के असलेल्या थैल्या बाहेर, आणि त्या तिघांकडून आलेल्या मुंबईच्या थैल्या आत. थोडे प्रवासीही असायचे. अर्धवट झोपेत ते एका विमानातून दुसऱ्यात चढायचे. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत फिरायचं आणि पहाटेपर्यंत घरी पोचायचं. कालची पत्रं सकाळच्या वाटपाला हजर. पुढे १ एप्रिल १९४९ पासून ‘ऑल-अप’ योजना आली: विमानानं पत्र लवकर पोचत असेल तर ते विमानानंच जाईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कुरिअर आणि पार्सलवाल्या कंपन्या आज एखाद्या मधल्या शहरात रात्री सगळा माल आणून पुन्हा वाटतात, ती हीच पद्धत. फक्त ती सरकारी टपाल खात्यानं डकोटा विमानांवर बसवली होती.

यात जोखीमही होती. किडवाईंनी ते खातं सोडल्यानंतर, डिसेंबर १९५३ मध्ये, असंच एक रात्रीचं विमान नागपूरहून उडताच कोसळलं आणि १३ जण गेले. आणखी एक डाग आहे. या टपालाचं कंत्राट मिळालेल्या विमान कंपनीशी जोडलेली देणगी ‘नॅशनल हेरॉल्ड’ या काँग्रेसच्या वर्तुळातल्या वृत्तपत्राला गेली, यावर सरदार पटेलांनी १९५० मध्ये नेहरूंना पत्र लिहून आक्षेप घेतला होता. किडवाई पक्षासाठी आणि मित्रांसाठी पैसा उभा करण्यात वाकबगार होते. तो स्वतःच्या खिशात ठेवला नाही, याबद्दल विरोधकांतही फारसं दुमत नव्हतं. पण पैसा उभा करण्याची पद्धत स्वच्छ होती का, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही, असं मला वाटतं.

टेलिफोनची ‘ओवायटी’, म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजना, आठवते? नंबर लवकर हवा असेल तर आधी मोठी रक्कम भरा, म्हणजे तुमची रांग वेगळी. ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात फोन आला त्यांना ही तीन अक्षरं पाठ असतील. तीही योजना किडवाईंच्या काळातली, १९४९ ची. सरकारकडे नवी केंद्रं उभारायला पैसा नव्हता, लोकांकडे होता. त्यांनी तो सरळ मागितला.

आता धान्य

मे १९५२ मध्ये किडवाई अन्न आणि शेतीमंत्री झाले. मधल्या वर्षात त्यांनी एक उडीही मारून घेतली होती. पुरुषोत्तमदास टंडन काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते न पटल्यानं किडवाई १९५१ मध्ये पक्ष सोडून कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले. टंडन पायउतार होऊन नेहरू अध्यक्ष झाल्यावर ते परतले. कृपलानी तिकडेच राहिले. राजकारणातले किडवाई असेच होते, आणि त्या काळच्या काँग्रेसमध्ये गटबाजीचा विषय निघाला की त्यांचं नाव निघायचंच.

अन्नखात्यात त्यांना काय मिळालं ते नीट बघू.

दुसऱ्या महायुद्धात बर्माचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. मुंबईत त्याच वर्षी रेशन सुरू झालं. रेशन म्हणजे आजच्यासारखं स्वस्त धान्याचं दुकान नव्हे. त्या काळी रेशनच्या शहरात धान्य फक्त कार्डावरच मिळायचं, बाकी खुली विक्री हा गुन्हा. खेड्यात शेतकऱ्याला पिकाचा ठराविक वाटा सरकारी भावानं द्यावा लागे, ती लेव्ही. एका प्रांतातून दुसऱ्यात, कधी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पोतं न्यायचं तर परमिट. माणशी दिवसाला १२ औंस धान्य, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम. १९५१ च्या सुरुवातीला साठा आटला तेव्हा ते ९ औंसांवर आलं, म्हणजे २५५ ग्रॅम. मी घरी वजनकाट्यावर २५५ ग्रॅम कणीक काढून बघितली. आमच्या आकाराच्या आठ पोळ्या झाल्या. डाळ, तेल, भाजी परवडणाऱ्याला हे चालेल. गिरणीत किंवा गोदीत दिवसभर राबून मुख्यतः पोळी-भाकरीवरच जगणाऱ्याचं काय होत असेल?

अशा वेळी नियंत्रण उठवायचं म्हणजे वेडेपणा, असंच कुणालाही वाटेल. वाटायला कारणही होतं. हा प्रयोग एकदा होऊन फसलेला होता. नियंत्रणामुळे लोक खोटं बोलायला शिकतात आणि काळाबाजार पोसला जातो, असं गांधीजींचं मत होतं. डिसेंबर १९४७ मध्ये, राजेंद्रप्रसाद अन्नमंत्री असताना, ती टप्प्याटप्प्यानं उठवायचं ठरलं. भाव भडकले. १९४८ संपायच्या आत नियंत्रणं परत आली. त्यामुळे १९५२ मध्ये कोणी हा विषय काढला की सरकारी अधिकारी १९४८ कडे बोट दाखवत. पहिल्या पंचवार्षिक योजनेचे कर्तेही अन्नधान्यावरची नियंत्रणं ठेवावीत याच मताचे होते.

इथे एक हिशेब करू. आकडे मी मनानं घेतलेले आहेत. समजा एका गावात १,००० कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला ४० किलो धान्य लागतं. म्हणजे ४०० क्विंटल. बाजारात तेवढंच येतं, टंचाई नाही. आता अफवा उठली की पुढच्या महिन्यात धान्य मिळणार नाही. प्रत्येक घरानं फक्त २० किलो जास्त भरलं. २०० क्विंटल धान्य एका आठवड्यात बाजारातून गायब झालं. कोणी एक दाणा जास्त खाल्लेला नाही, कोणी साठेबाज नाही, सगळे संसारी लोक. तरी महिन्याच्या मध्यात दुकानं रिकामी, भाव दुप्पट, आणि अफवा खरी ठरली. मार्च २०२० मध्ये किराणा दुकानासमोर आपण हेच केलं. मीही दोन पाकिटं साखर जास्त आणली होती, आमच्या घरात चहा बिनसाखरेचा होतो तरी. आता घरांच्या जागी व्यापारी आणि मोठे शेतकरी ठेवा, २० किलोंच्या जागी वखारी ठेवा, आणि अफवेच्या जागी दहा वर्षं लोकांच्या हातात असलेलं रेशनकार्ड ठेवा. कार्ड दर आठवड्याला एकच गोष्ट सांगत असतं: धान्य कमी आहे, जपून ठेवा.

म्हणजे टंचाईचे दोन भाग असतात. एक खरा, शेतात कमी पिकल्याचा. दुसरा भीतीचा, पिकलेलं दडून बसल्याचा. नियंत्रण पहिल्याला वाटून घ्यायला मदत करतं आणि दुसऱ्याला वाढवतं. प्रश्न एवढाच उरतो की आज देशात कोणता भाग मोठा आहे. हे बाहेरून दिसत नाही, कारण दडलेल्या धान्याची मोजदाद कोणाच्याच वहीत नसते.

किडवाईंची खूण इथे आहे. दडलेला भाग मोठा आहे, असा त्यांचा अंदाज होता. आणि भीती घालवायची तर भाषण कामाचं नाही, दुकानात धान्य दिसलं पाहिजे, हेही त्यांना कळत होतं. १९४८ आणि १९५२ यांतला फरक नेमका हाच. १९४७-४८ मध्ये फाळणीनं पश्चिम पंजाबचा गव्हाचा कालव्याखालचा मुलूख नुकताच गेला होता, युद्धकाळात छापलेला पैसा बाजारात फिरत होता आणि सरकारच्या कोठारात सांगण्यासारखं काही नव्हतं. सरकार रिकाम्या हातानं ‘घाबरू नका’ म्हणत होतं, हे व्यापाऱ्याला कळत होतं. १९५१ मध्ये मात्र भारतानं ४५ लाख टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं, त्यात अमेरिकेनं खास कायदा करून दिलेल्या कर्जाचा गहूही होता. त्यातच १९५२ च्या सुरुवातीला, कोरियन युद्धानं चढलेले जगभरचे भाव घसरले. धान्य दाबून ठेवणाऱ्याला पहिल्यांदाच तोट्याची भीती वाटायला लागली.

मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी जून १९५२ मध्ये नियंत्रणं उठवली. तिथला अनुभव बघत किडवाईंनी बाकीच्या देशात पावलं टाकली, एकदम नाही. सरकारी दुकानं चालू ठेवली, म्हणजे गरज पडली तर कमी भावाचं धान्य हाताशी आहे हे दिसत राहिलं. पण त्या दुकानातूनच घ्यायची सक्ती हळूहळू काढली. आधी ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्यं मोकळी झाली, मग गहू, आणि जुलै १९५४ मध्ये तांदूळ. अकरा वर्षं चाललेलं रेशन संपलं. गुजराण करणाऱ्याला पहिल्यांदा दुकानात जाऊन ‘कुठला तांदूळ आहे?’ असं विचारता येऊ लागलं.

नशीब की अक्कल?

आकडे बघितले तर नशीब खूप होतं. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५.०८ कोटी टन धान्य पिकलं, १९५३-५४ मध्ये ६.९८ कोटी टन. तीन वर्षांत जवळपास दोन कोटी टनांची वाढ, आणि ती मुख्यतः पावसाची कृपा. १९५४ मध्ये आयात १० लाख टनांच्याही खाली आली. इतकं पिकल्यावर कोणीही नियंत्रणं उठवली असती, असं म्हणणारे होते आणि आहेत.

मला ते पूर्ण पटत नाही. पीक भरघोस येणार हे १९५२ मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दिशा तेव्हाच ठरली होती. शिवाय चांगलं पीक आलं म्हणून नियंत्रण आपोआप सुटत नाही. परमिट देणारा अधिकारी, परमिट घेणारा व्यापारी, कार्डावर सही करणारा कारकून, सगळ्यांचा संसार त्यावर उभा राहिलेला असतो. खात्यातल्या अनुभवी लोकांचं न ऐकण्याची हिंमत लागते. ती किडवाईंकडे होती, कधी कधी नको तिथेही. ऑगस्ट १९५३ मध्ये शेख अब्दुल्लांना काश्मीरच्या सत्तेवरून हटवलं गेलं, त्या पडद्यामागच्या हालचालींत त्यांचं नाव घेतलं जातं. तिथली किंमत देश बराच काळ मोजत राहिला.

आणि धान्याचा प्रश्न त्यांनी कायमचा सोडवला, असंही नाही. भाव पुढे इतके पडले की १९५५ मध्ये शेतकऱ्याला आधार द्यायला सरकारला खरेदीत उतरावं लागलं. मग उलटी लाट आली. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेबरोबर तिथलं धान्य आणण्याचा पीएल-४८० चा करार झाला, १९५७ मध्ये गव्हाचे विभाग पाडून वाहतुकीवर पुन्हा बंधनं आली. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, त्यानंतरचा, १९७२ च्या दुष्काळातला. ‘रेशन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोच येतो, आणि मध्ये एकदा रेशन पूर्ण उठलं होतं हे विसरून जायला होतं.

हे सगळं बघायला किडवाई नव्हते. तांदूळ मोकळा झाल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १९५४ रोजी, दिल्लीत त्यांचं निधन झालं. दम्याचा त्रास जुना होता. वय ६०. अन्नखातं अजितप्रसाद जैनांकडे गेलं, तेच जैन जे १९५१ मध्ये त्यांच्याबरोबर पक्ष सोडून गेले होते. देशभरच्या धान्याच्या वखारी ज्याच्या हुकमाखाली होत्या, त्या माणसाच्या मागे शिल्लक नव्हती, कर्ज होतं. दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही ही त्यांची खोड, आणि त्यासाठी स्वतः उसने काढायलाही ते मागेपुढे बघत नसत. दफन मसौलीत झालं.

१९६९ मध्ये ‘ऑल-अप’ योजनेला वीस वर्षं झाली तेव्हा टपाल खात्यानं त्यांच्या नावे तिकीट काढलं. वीस पैशांचं, निळ्या रंगाचं. एका बाजूला गांधीटोपीतला त्यांचा चेहरा, शेजारी टपालाचं विमान.